क्रेडिट कार्डावरून विमानात सीट अपग्रेड: तिकीट आधी, माइल्स मग, कार्ड सगळ्यात शेवटी

चेक-इन काउंटरवरच्या मुलीनं बाबांचं तिकीट बघितलं, दोन-तीन बटणं दाबली आणि म्हणाली, "मॅम, माइल्स आहेत तुमच्याकडे, बिझनेसमध्ये सीटही दिसतायत, पण हे तिकीट अपग्रेड होणारं नाहीये." आई शेजारी व्हीलचेअरवर, मांडीवर चकल्यांचा डबा, पिशवीत भावाच्या बाळासाठी शिवलेली कुंची, आणि मी वर्षभर सगळ्या नातेवाइकांना सांगत फिरलेली की या वेळी आई-बाबा लंडनला झोपून जाणार. एअरलाइन कुठली ते जाऊ दे, चूक माझीच होती. तिकीट घेताना जो सगळ्यात खालचा आकडा दिसला त्यावर क्लिक केलं होतं आणि वर पैसे वाचले म्हणून स्वतःवर खूश पण झाले होते. आई-बाबा गेले तसेच गुडघे दुमडून, आणि मी ठाण्याला परत येताना टॅक्सीत बसून पहिल्यांदा फेअर रूल्स, म्हणजे तिकिटाच्या अटी, नावाची गोष्ट शेवटपर्यंत वाचली.

त्यानंतर दोन-तीन वेळा हे नीट जमलंय. ऑफिसमधले लोक येऊन विचारतात "कुठलं कार्ड घेऊ?" आणि मी दर वेळी सांगते की हा प्रश्न शेवटचा आहे, पहिला नाही. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

अपग्रेड कुठकुठल्या दारानं मिळतं

एक, माइल्स किंवा पॉइंट देऊन. माइल्स म्हणजे एअरलाइनच्या क्लबाचे, त्यांच्या सदस्य-योजनेचे, पॉइंट. कार्डाचे पॉइंट एअरलाइनच्या क्लबात ट्रान्सफर करायचे आणि विकत घेतलेलं तिकीट त्या माइल्सनी वरच्या क्लासात न्यायचं. दोन, व्हाउचर, म्हणजे को-ब्रँडेड (बँक आणि एअरलाइननं मिळून काढलेल्या) कार्डावर फी भरली किंवा ठरावीक खर्च केला की मिळतं ते. तीन, बोली. प्रवासाच्या काही दिवस आधी मेल येतो की किती पैसे द्याल सांगा, तुम्ही आकडा टाकता, त्यांना पटला तर कार्ड चार्ज होतं. चार, चेक-इनच्या वेळी रोख पैसे भरून. आणि पाचवं म्हणजे इकॉनॉमी ओव्हरबुक झालीय म्हणून त्यांनीच तुम्हाला पुढे ढकलणं, ते ज्याच्याकडे त्या एअरलाइनच्या क्लबाचं गोल्ड-प्लॅटिनम सदस्यत्व असतं त्याला आधी मिळतं; कोट घालून गेलं आणि गोड बोललं की मिळतं वगैरे सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गोष्टी.

कार्डाचा खरा संबंध पहिल्या दोघांशी, त्यामुळे त्यांच्यावरच बोलते.

पायरी पहिली: अपग्रेड होईल असं तिकीट ओळखा

इकॉनॉमी म्हणजे एकच इकॉनॉमी नसते. त्याच रांगेत शेजारी शेजारी बसलेल्या तिघांची तिकिटं तीन वेगळ्या जातीची असू शकतात. ई-तिकीट उघडा, फ्लाइट नंबरच्या आसपास कुठेतरी क्लास लिहिलेला असतो आणि त्याच्यापुढे एक इंग्रजी अक्षर असतं, वाय, बी, एम, के, क्यू असं काहीतरी. ते अक्षर म्हणजे बुकिंग क्लास. वाय हे बहुतेक ठिकाणी पूर्ण भाड्याचं तिकीट, बाकीची अक्षरं प्रत्येक एअरलाइनची आपापली, त्यामुळे एकीकडचं दुसरीकडे लावू नका. माझ्या त्या फसलेल्या तिकिटावर पण हे अक्षर ठळक छापलेलं होतं, मी फक्त सीट नंबर बघितला होता.

आता साइटवर ही अक्षरं सरळ दिसत नाहीत, त्याऐवजी नावं दिसतात. एअर इंडियावर व्हॅल्यू, क्लासिक, फ्लेक्स अशी, सिंगापूर एअरलाइन्सवर लाइट, व्हॅल्यू, स्टँडर्ड, फ्लेक्सी अशी. किमतीच्या खाली एक छोटा तक्ता असतो, त्यात बॅगेज, कॅन्सलेशन, डेट चेंज यांच्या ओळी असतात आणि त्याच्यात कुठेतरी 'अपग्रेड' अशी पण ओळ असते. सगळे जण बॅगेज बघून तक्ता बंद करतात. ती अपग्रेडची ओळ शोधा. सिंगापूरचं इकॉनॉमी लाइट असेल तर माइल्सनी अपग्रेड होतच नाही, तुमच्याकडे कितीही लाख माइल्स असू देत. आणि त्यांच्याकडे अजून एक गंमत आहे, अपग्रेड एकाच पायरीचं मिळतं, म्हणजे ज्या विमानात प्रीमियम इकॉनॉमी (इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधला क्लास) आहे तिथे इकॉनॉमीतून उडी थेट बिझनेसमध्ये जात नाही, प्रीमियम इकॉनॉमीत जाते. बऱ्याच जणांचा इथे हिरमोड होतो.

तर तिकीट घेतानाच स्वस्त आणि अपग्रेड होणारं यातला फरक लिहून ठेवा. हा फरक म्हणजे तुमच्या 'फुकट' अपग्रेडचा पहिला हप्ता.

दुसरं, तिकीट कुठून घ्यायचं. बँकेच्या पोर्टलवरून, म्हणजे एचडीएफसीचं स्मार्टबाय किंवा अ‍ॅक्सिसचं ट्रॅव्हल एज, तिकीट काढलं की पॉइंट जास्त मिळतात हे खरंय, पण ते शेवटी एजंटनं काढलेलं तिकीट असतं. उद्या अपग्रेडमध्ये काही अडलं, तिकीट रीइश्यू करायची वेळ आली, की एअरलाइन म्हणते एजंटला विचारा आणि एजंट म्हणतो एअरलाइनला विचारा, आणि आपण दोन्हीकडची होल्डवरची धून ऐकत बसायचं. ज्या तिकिटाचं अपग्रेड करायचंय ते मी एअरलाइनच्या साइटवरूनच घेते, थोडे पॉइंट गेले तर गेले. गावातल्या ट्रॅव्हल एजंटकडून ग्रुप टूरचं तिकीट असेल तर विषयच सोडून द्या, ग्रुप फेअर सहसा अपग्रेड होत नाही.

पायरी दुसरी: पुढे सीट किती आहेत ते मोजा

हे कोणी करत नाही आणि मला यातच सगळ्यात जास्त मजा येते. एअर इंडियाच्या नव्या मांडणीच्या ए३२०निओमध्ये १६४ सीट असतात, त्यातल्या बिझनेसच्या फक्त ८, प्रीमियम इकॉनॉमीच्या २४ आणि उरलेल्या १३२ इकॉनॉमी. म्हणजे मुंबई-दिल्लीला तुम्ही त्या ८ सीटांमधल्या उरलेल्या एखाद-दुसऱ्या सीटसाठी रांगेत आहात, आणि तुमच्या पुढे कंपनीच्या पैशानं फिरणारे प्लॅटिनमवाले आहेत. याउलट ए३५०-९०० मध्ये बिझनेसच्या २८ आणि प्रीमियम इकॉनॉमीच्या २४ सीट, एकूण ३१६. पूर्वीच्या व्हिस्ताराची ७८७-९ विमानं आता एअर इंडियाकडे आहेत, त्यांची मांडणी ३० बिझनेस, २१ प्रीमियम इकॉनॉमी अशी. तिथे आशेला जागा आहे.

विमानाचं नाव बुकिंगच्या वेळी फ्लाइट डिटेल्समध्ये दिसतं. सीट मॅप उघडून बघा, पण एक सांगते, सीट मॅपवर रिकामी दिसली म्हणजे अपग्रेडला मिळेल असं नाही. विकायच्या सीट वेगळ्या आणि माइल्सवर द्यायच्या सीट वेगळ्या, त्यांचा कोटा एअरलाइन ठरवते. म्हणून काउंटरवर "सीट तर दिसतेय ना" म्हणून भांडण्यात अर्थ नाही. आणि विमान ऐनवेळी बदलू शकतं, तेव्हा जुन्या मांडणीच्या बिझनेससाठी तुम्ही माइल्स जाळताय का, हे आदल्या दिवशी परत एकदा बघा. त्यांची जुनी ७७७-३००ईआर आली तर बिझनेसची रांग २-३-२ अशी, म्हणजे तिथे पण मधली सीट! माइल्स देऊन मधल्या सीटवर बसायचं म्हणजे हद्द झाली.

पायरी तिसरी: माइल्सचं गणित उलटं मांडा

आता समजा (हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या रूटचा खरा आकडा एअरलाइनच्या कॅल्क्युलेटरवर बघायचा) एका माणसाच्या एकमार्गी अपग्रेडला ३०,००० माइल्स लागतात. हे माइल्स कार्डातून यायचे तर खर्च किती?

मी अ‍ॅक्सिस अ‍ॅटलास घेतलं तेव्हाचे नियम असे होते: साध्या खर्चावर १०० रुपयाला २ एज माइल्स (म्हणजे अ‍ॅक्सिसचे स्वतःचे पॉइंट), एअरलाइन किंवा हॉटेलच्या साइटवर थेट खर्च केला किंवा त्यांच्या ट्रॅव्हल एजवरून केला तर ५, आणि एका एज माइलचे बहुतेक एअरलाइन पार्टनरकडे २ माइल्स. म्हणजे ३०,००० साठी १५,००० एज माइल्स हवेत. साध्या खर्चातून तेवढे जमवायला साडेसात लाख रुपये खर्च करायला लागतात, आणि सगळा खर्च प्रवासाचा असेल तर तीन लाख. वर्षाची फी ५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९००. आता यात बोनस धरा: पहिल्या वर्षी वेलकमचे २,५००, तीन लाखाला २,५००, साडेसात लाखाला अजून २,५००. म्हणजे साडेसात लाख साध्या खर्चावर एकूण २२,५००, ट्रान्सफर करून ४५,००० माइल्स. दीड माणसाचं अपग्रेड. आई जाईल, बाबा कमरेपर्यंत.

तुलनेला एचडीएफसी इन्फिनिया घ्या, १५० रुपयाला ५ पॉइंट, सिंगापूर एअरलाइन्सच्या क्लबाला, म्हणजे क्रिसफ्लायरला, एकास एक. त्याच ३०,००० साठी साध्या खर्चात नऊ लाख लागतील, पण स्मार्टबायवरून केलं तर पॉइंट पटीत मिळतात, त्यामुळे वापरणाऱ्यावर आहे.

हे आकडे वाचून "अरे एवढा खर्च कुठे होतो आपला" असं वाटलं तर उत्तम, कारण तेच खरंय. वर्षाला दोन-तीन लाखाचा कार्ड-खर्च असणाऱ्या घरानं अपग्रेडच्या मागे लागू नये, सरळ कॅशबॅक घ्यावा. आणि बिल पूर्ण भरत नसाल तर हा लेख इथेच बंद करा. व्याज महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के असतं, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर, वर त्यावर जीएसटी. त्या भावात बिझनेस क्लास कोणालाच परवडत नाही.

पायरी चौथी: कार्ड आणि ऑफरची बारीक अक्षरं

आता कुठे कार्ड. घेण्याआधी बँकेच्या साइटवर त्या दिवसाचे नियम वाचायचे, यूट्यूबवर जो व्हिडिओ बघताय त्याची तारीख आधी बघायची. मी चार गोष्टी शोधते.

कशाकशावर पॉइंट मिळत नाहीत. यादी लांब असते: घरभाडं, वॉलेट भरणं, पेट्रोल, सरकारी भरणा, विमा, लाइट बिल, आणि सोनं-दागिने. माझ्या मावसबहिणीनं तिच्या मुलीच्या लग्नाचं सोनं कार्डावर घेतलं, केवढे पॉइंट येतील म्हणून दोघींनी मिळून स्वप्नं रंगवली, हॉटेलं पण बघून झाली, आणि स्टेटमेंटवर त्या ओळीसमोर शून्य. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. दुकान कुठल्या वर्गात नोंदवलेलं आहे त्यावर बँक ठरवते, तुम्ही काय घेतलं त्यावर नाही, त्यामुळे शंका असेल तर आधी छोटा व्यवहार करून बघा. लग्नघरात हॉल, केटरर, डेकोरेशन, कपडे हे सगळं चालतं बहुतेक कार्डांवर, सोनं मात्र वेगळं काढा.

दुसरं, नोंदणी. ठरावीक महिन्यांच्या ज्या ऑफर येतात, इतका खर्च करा आणि इतके जादा माइल्स मिळवा, त्यात बऱ्याचदा आधी अ‍ॅपमध्ये किंवा एसएमएसनं नाव नोंदवायला लागतं आणि नोंदणीच्या आधीचा खर्च धरत नाहीत. नोंदणी झाल्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा. तिसरं, ईएमआय केलेला व्यवहार धरतात का, आणि वस्तू परत केली की पॉइंट पण परत जातात हे लक्षात ठेवा. चौथं, वरची मर्यादा. अ‍ॅटलासवर ट्रान्सफर पार्टनरचे दोन गट होते, एका गटाला वर्षाला ३०,००० आणि दुसऱ्याला १,२०,००० एज माइल्सची मर्यादा, आणि नेमकं सगळ्यांना आवडणारं क्रिसफ्लायर कमी मर्यादेच्या गटात.

व्हाउचरवालं कार्ड असेल तर अजून तीन प्रश्न: व्हाउचर एका माणसाचं एका सेगमेंटला (एका उड्डाणाला) की येऊनजाऊन, घरच्यांना देता येतं का, आणि कधी संपतं.

साठवून ठेवू नका, याची तीन उदाहरणं

मुंबईतल्या आमच्या पिढीला जेटचे जेपीमाइल्स आठवतात. घराघरात कोणीतरी ते जपून ठेवलेले असायचे, रिटायर झाल्यावर युरोपला जाऊ म्हणून. १७ एप्रिल २०१९ ला जेटचं शेवटचं विमान उडालं. क्लब बंद नाही पडला, इंटरमाइल्स नावानं चालू राहिला, पण जेटच्या बिझनेसची सीट कुठून आणणार?

मग अ‍ॅक्सिस मॅग्नस. महिन्याला एक लाख खर्च करा, २५,००० पॉइंट घ्या, आणि ट्रान्सफर पाचास चार, म्हणजे पाच पॉइंटचे चार माइल्स. लोक वेड्यासारखे मागे लागले होते. १ सप्टेंबर २०२३ पासून तो महिन्याचा बोनस गेला आणि प्रमाण पाचास दोन झालं. ज्यांचे पॉइंट तसेच पडून होते त्यांचे एका रात्रीत अर्धे झाले.

आणि व्हिस्तारा. आयडीएफसी फर्स्टच्या व्हिस्तारा कार्डावर फी भरली की प्रीमियम इकॉनॉमीचं एक तिकीट आणि एक वन-क्लास अपग्रेड व्हाउचर यायचं, अ‍ॅक्सिसच्या इन्फिनिट कार्डावर तर खर्चाच्या टप्प्यांवर बिझनेसची तिकिटं. १२ नोव्हेंबर २०२४ ला व्हिस्तारा एअर इंडियात विलीन झाली, क्लब व्हिस्ताराचे पॉइंट एकास एक एअर इंडियाच्या महाराजा क्लबात आले, पण २०२५ च्या एप्रिलपर्यंत एसबीआय आणि अ‍ॅक्सिसच्या कार्डांवरची ती टप्प्यांची तिकीट-व्हाउचरं बंद झाली. त्याच सुमारास, ३१ मार्च २०२५ पासून, एसबीआयच्या एअर इंडिया सिग्नेचर कार्डावर एअर इंडियाच्या तिकिटाला १०० रुपयाला ३० पॉइंट मिळायचे त्याचे १० झाले.

म्हणून माझा हिशोब असा की पॉइंट बँकेत असेपर्यंत निदान दहा दारं उघडी असतात, एअरलाइनच्या क्लबात गेले की एकच. ट्रान्सफर फिरवता येत नाही. क्रिसफ्लायरचे माइल्स तर ३६ महिन्यांनी संपतात, घड्याळ ट्रान्सफरच्या दिवसापासून चालू. तेव्हा प्रवास ठरला, अपग्रेडची सीट दिसली, मगच ट्रान्सफर. ट्रान्सफर-बोनसची ऑफर आली, २०-२५ टक्के जादा वगैरे, तर जीव टांगणीला लागतो मान्य आहे, पण जवळची ट्रिप ठरलेली नसेल तर मी हात आवरते.

पायरी पाचवी: नावं जुळवा

हे खास आपल्या लोकांसाठी. पासपोर्टवर आपलं नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. कार्डावर मधलं नाव उडालेलं असतं किंवा एकच अक्षर उरलेलं असतं. एअरलाइनच्या क्लबात आपण घाईत कसंतरी भरलेलं असतं. आणि आईच्या बाबतीत तर लग्नाआधीच्या नावाचं बँक खातं, लग्नानंतरच्या नावाचा पासपोर्ट. बँकेतून ट्रान्सफर करताना कार्डावरचं नाव आणि क्लबातलं नाव जुळलं नाही तर ते अडकू शकतं, आणि क्लबातलं आणि तिकिटावरचं जुळलं नाही तर अपग्रेड. माझ्या बाबांच्या खात्यात मधलं नाव आडनावाच्या जागी गेलं होतं, दुरुस्तीला पासपोर्टची कॉपी पाठवून वाट बघावी लागली. तर क्लबाचं खातं पासपोर्टसारखं उघडा, आणि ट्रिपच्या दोन महिने आधी उघडा, आदल्या आठवड्यात नाही.

दुसऱ्यासाठी आपले माइल्स वापरायचे तर बऱ्याच क्लबांत त्या माणसाचं नाव आधी जोडायला लागतं. क्रिसफ्लायरमध्ये असे पाच नॉमिनी ठेवता येतात. मी आई, बाबा, सासूबाई, नवरा आणि मुलगी अशी पाच नावं टाकली, आता दीर विचारतात माझं काय.

पायरी सहावी: अपग्रेड मागायचं

तिकिटाचा पीएनआर आणि ई-तिकीट नंबर जवळ ठेवा. पीएनआर सहा अक्षरांचा, ई-तिकीट नंबर तेरा आकडी, पहिले तीन आकडे एअरलाइनचे: एअर इंडिया ०९८, सिंगापूर ६१८, ब्रिटिश एअरवेज १२५. फोनवरचा माणूस हाच नंबर मागतो. पहिले तीन आकडे वेगळ्याच एअरलाइनचे निघाले, म्हणजे तिकीट दुसऱ्याच एअरलाइननं काढलेलं आहे (बहुतेक कोडशेअर, म्हणजे एकीच्या नंबरानं विकलेली दुसरीची फ्लाइट), तर मग अपग्रेड बहुतेक अडणार. स्टार अलायन्स, म्हणजे एअर इंडिया आणि सिंगापूर ज्यात आहेत तो एअरलाइन्सचा गट, त्यातल्या दुसऱ्या एअरलाइनच्या विमानात पण माइल्सनी अपग्रेड करता येतं, पण त्याला पूर्ण भाड्याच्या जवळची तिकिटं लागतात, तेवढ्या पैशात कधी कधी सेलमधलं बिझनेसच येतं.

आधी साइटवर 'मॅनेज बुकिंग'मध्ये बघा. सीट लगेच मिळत असेल तर त्याच क्षणी बँकेतून ट्रान्सफर लावा, पण काही पार्टनरकडे ते काही मिनिटांत होतं आणि काहींकडे काही दिवस जातात, तोपर्यंत सीट जाऊ शकते, हा जुगार आहेच. म्हणून मी ट्रान्सफरचा वेग आधीच्या वर्षी ५०० पॉइंट पाठवून तपासून ठेवलेला असतो. सीट नसेल आणि वेटलिस्टची सोय असेल तर नाव लावा. दोघांचं अपग्रेड एकाच पीएनआरवर मागितलं आणि सीट एकच उरली असेल तर दोघंही राहतात असं होऊ शकतं, तेव्हा आधीच घरात ठरवा की एकच मिळाली तर कोणी जायचं. आमच्याकडे आई म्हणाली "मी नाही एकटी पुढे बसणार," बाबा म्हणाले "मी बसतो की," आणि दोन दिवस बोलणं बंद.

पायरी सातवी: कर, आणि रोख भावाशी तुलना

अपग्रेड 'फक्त माइल्सचं' नसतं, कराचा फरक रोख भरायचा असतो. लंडनहून निघताना तर तो टोचतो. ब्रिटनचा एअर पॅसेंजर ड्यूटी हा कर भारताच्या अंतराला एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ मध्ये इकॉनॉमीला ९० पौंड आणि वरच्या कुठल्याही क्लासला २१६ पौंड होता, एप्रिल २०२६ पासून तेच १०२ आणि २४४. प्रीमियम इकॉनॉमीला पण वरचाच दर. हा फक्त ब्रिटनमधून निघताना लागतो, मुंबईहून जाताना नाही. म्हणून एकाच बाजूचं अपग्रेड परवडत असेल तर कागदावर मुंबई-लंडन स्वस्त पडतं, पण आमची परतीची फ्लाइट रात्रीची होती, झोपायचा खरा उपयोग परतीलाच. मी शेवटी जास्तीचे पौंड भरले, कारण आईचे गुडघे.

भारतातून रोख बिझनेस घेतलं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीशिवायच्या क्लासांना जीएसटी १८ टक्के आहे, आधी १२ होता, इकॉनॉमीला ५. तुलना करताना करासकट आकडा घ्या.

मग असं मांडा, परत उदाहरणाचे आकडे: स्वस्त इकॉनॉमी ५२,०००, अपग्रेड होणारी ६८,०००, करासकट बिझनेस १,६५,०००. अपग्रेडची खरी किंमत म्हणजे १६,००० रुपये, अधिक ३०,००० माइल्स, अधिक कराचा फरक. माइलला एक रुपया धरला, कारण तेवढं तर ते दुसरीकडे देतातच, तर ४६,००० च्या आसपास. म्हणजे बिझनेस ९८,००० मध्ये. सौदा चांगला आहे. पण त्याच माइल्समध्ये अजून थोडे घालून थेट बिझनेसचं अवॉर्ड तिकीट, म्हणजे पूर्ण माइल्सवरच काढलेलं तिकीट, मिळतंय का, हे पण बघा, कारण त्यात ते ६८,००० चं तिकीटच घ्यावं लागत नाही, फक्त कर. कितीतरी वेळा तेच सरस निघतं आणि लोक अपग्रेडच्या नादात ते बघतच नाहीत. बोलीचा मेल आला असेल तर त्यातली किमान रक्कम पण या तक्त्यात ठेवा.

लंडनमधला माझा भाऊ वेगळ्या वाटेनं जातो. तिथलं बार्कलेकार्डचं एव्हिऑस प्लस कार्ड (एव्हिऑस म्हणजे ब्रिटिश एअरवेजचे माइल्स) २०२२ मध्ये आलं, वर्षाला १०,००० पौंड खर्च केला की एक केबिन अपग्रेड व्हाउचर, बिनफीच्या कार्डाला तेच २०,००० पौंडांवर. पण ते व्हाउचर विकत घेतलेल्या तिकिटावर चालत नाही, एव्हिऑसनी काढलेल्या तिकिटावरच चालतं, एका माणसाला येऊनजाऊन किंवा दोघांना एकमार्गी. त्याला हे कळलं ते आई-बाबांची परतीची तिकिटं रोखीनं काढून झाल्यावर. खानदानी दोष असावा.

शेवटचं एक काम प्रवासानंतरचं. वेटलिस्ट शेवटपर्यंत हलली नाही, किंवा विमान बदललं आणि इकॉनॉमीत बसवलं, तर घेतलेले माइल्स आणि भरलेला कर परत यायला हवा, आणि तो आपोआप येईलच असं धरून चालू नका. बोर्डिंग पासचा फोटो, अपग्रेड कन्फर्म झाल्याचा मेल आणि माइल्स कापल्याची नोंद, तिन्ही एकत्र ठेवा आणि आठवड्याभरात आले नाहीत तर लेखी मागा. फोनवर नाही, मेलवर.